निळा नसलेला समुद्र

देवमाशाला समुद्र निळा दिसत नाही.

२००१ साली काही युरोपीय जीवशास्त्रज्ञांनी देवमासे, डॉल्फिन आणि सील यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले, तेव्हा निळा रंग टिपणाऱ्या शंकुपेशी त्यांना कुठेच सापडल्या नाहीत. माणसाच्या डोळ्यात या पेशी तीन प्रकारच्या असतात, गाईम्हशींच्या डोळ्यात दोन. देवमाशांकडे एकच प्रकार उरला आहे, आणि फार खोल जाणाऱ्या काही जातींकडे तोही नाही. ज्या रंगासाठी आपण रात्रीची एस.टी. पकडून, घाट उतरून समुद्राकडे धावतो, तो समुद्राच्या सर्वांत थोर रहिवाशाच्या गावीही नाही. त्याचा समुद्र फक्त उजेडाचा. वर पांढुरका, खाली काळा, मधे राखाडीच्या न मोजता येणाऱ्या छटा.

असं का झालं याचं कारण शोधायला गेलं की वाट किनाऱ्याकडे वळते. गाळ, कुजलेला पाला आणि नदीने आणलेली माती यांनी गढूळ झालेल्या उथळ पाण्यात निळा उजेड फार आत शिरत नाही. देवमाशांचे पूर्वज अशाच पाण्यात लाखो वर्षं राहिले असावेत, आणि तिथे बिनकामाच्या ठरलेल्या निळ्या पेशी मोडीत निघाल्या असाव्यात, असा तर्क आहे. मग त्यांचे वंशज खुल्या समुद्रात गेले. तिथे निळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं, पण मोडलेलं जनुक पुन्हा जुळत नाही.

देवमाशाचं शरीर असंच वाचावं लागतं. काय गेलं ते बघायचं, आणि गेलेल्यावाचून त्याने कसं भागवलं तेही बघायचं. मला तरी या प्राण्याच्या आकाराचं फारसं कौतुक वाटत नाही. तीस मीटर लांबी, दीडशे टन वजन हे आकडे शाळेत पाठ करायला ठीक आहेत. मला भुरळ पडते ती त्याच्या भागवण्याची.

कल्ल्यांचंच बघा. पाण्यातून जमिनीवर आलेल्या प्राण्यांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडून दिले, आणि त्यांच्यातलेच काही पुढे पुन्हा पाण्यात शिरले तेव्हा ते परत मिळाले नाहीत. म्हणून पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत जड प्राणी हवेसाठी आजही वर येतो, आणि हवा नाही मिळाली तर समुद्रात बुडून मरतो. मधल्या काळात करायची ती काटकसर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी गोल्डबोगेन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर चार चोषकांनी एक यंत्र चिकटवलं आणि त्याच्या हृदयाचे ठोके मोजले. २०१९ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. बुडी मारलेली असताना मिनिटाला चार ते आठ ठोके, आणि एका वेळी तर फक्त दोन. एका ठोक्यानंतर अर्धा मिनिट शांतता. वर येऊन श्वास भरून घेताना मात्र तेच हृदय मिनिटाला पंचवीस ते सदतीस वेळा धडधडत होतं.

क्युव्हिएरचा चोचवाला देवमासा या कलेत सगळ्यांचा गुरू. त्याच्या एका बुडीची नोंद ३ तास ४२ मिनिटांची आहे. एवढा प्राणवायू तो फुप्फुसांत साठवत नाही. खोल पाण्याच्या दाबाखाली फुप्फुसं मिटूनच जातात. साठा असतो तो रक्तात आणि मांसात. स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे खोल बुडणाऱ्या देवमाशाचं मांस जवळजवळ काळं दिसतं.

झोपेचंही तसंच. आपण झोपलो तरी छाती आपली आपण हलत राहते. डॉल्फिनला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो, वर येऊन, नाक उघडून. म्हणून तो मेंदूचा अर्धाच भाग झोपवतो. एक बाजू झोपते तेव्हा दुसरी पहारा देते, मग अदलाबदल. एक डोळा मिटलेला, एक उघडा. पिल्लू जन्मतं तेही बहुधा शेपटीकडून, आणि जन्मल्यावर त्याचं पहिलं काम म्हणजे वर पोचणं. पोटात घेतलेला जमिनीवरचा सगळा वारसा, गर्भाशय, नाळ, दूध, या प्राण्याने समुद्रात तसाच नेला. देवमाशाच्या पिल्लाला चोखायला आपल्यासारखे मऊ ओठ नसतात, आणि पाण्यात दूध सांडून चालत नाही. म्हणून आई ते पिल्लाच्या तोंडात पिचकारीने सोडते, आणि ते दूध इतकं घट्ट असतं की त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसती चरबी. निळ्या देवमाशाचं पिल्लू त्यावर दिवसाला सुमारे नव्वद किलोंनी वाढतं.

आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन बघायचे तर फार लांब जावं लागत नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी मी ते बघितले आहेत. पर्यटकांच्या आठ-दहा होड्या एकाच वेळी सुटतात, कुठे पंख दिसला की सगळ्या तिकडे धावतात, इंजिनांचा धूर, मोबाईल वर, आरडाओरडा. आमच्या होडीचा तांडेल म्हातारा होता. त्याने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. मी म्हटलं, सगळे तिकडे गेले, आपण इथेच? तो म्हणाला, "बाईनू, पाठसून धावलात तर ते जातत. गप रवलात तर आपणच येतत बगा."

आले. आधी लांबट चोच पाण्यातून तिरकी वर निघाली, मग राखाडी पाठ, पाठीवरचं कुबड, त्यावरचा छोटा पंख, आणि सगळं पुन्हा खाली. हे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. खोल समुद्राशी यांना कर्तव्य नाही. वीस-पंचवीस मीटरांच्या आतलं पाणी, खाड्यांची तोंडं, गाळ, म्हणजे नेमकी माणसाची वर्दळ असते ती पट्टी, हेच यांचं घर. जागतिक यादीत ते धोक्यात आलेली जात म्हणून नोंदले आहेत, आणि या पत्त्यावर राहणाऱ्याचं दुसरं काय होणार?

त्या पाठीकडे पुन्हा एकदा नीट बघायला हवं. मासा पोहतो तेव्हा त्याचा कणा डावी-उजवीकडे वळवळतो. डॉल्फिनचा कणा वर-खाली वाकतो, शेपटीही आडवी असते. धावणाऱ्या चौपायाचा कणा असाच वर-खाली वाकतो. म्हणजे ती बुडी ही एका दौडीची उरलेली हालचाल आहे, पाय गळून गेल्यावरही चालू राहिलेली. पुढच्या वल्ह्यात दंड आहे, मनगट आहे, बोटांची हाडं आहेत. मागच्या पायांच्या जागी मांसात सुटी तरंगणारी कमरेची दोन लहान हाडं आहेत, आणि तीही अगदीच निरुपयोगी नाहीत, जननेंद्रियाचे स्नायू त्यांना धरून असतात. गर्भात तर डॉल्फिनला मागच्या पायांचे कोंभ फुटतात, काही दिवस टिकतात आणि विरून जातात. कधीमधी विरायचे राहतात. २००६ साली जपानमधल्या ताइजीला एक डॉल्फिन सापडली, तिला मागे हाताच्या पंजाएवढे दोन जादा पंख होते.

हे पाय कुठे सुटले, याचं उत्तर आपल्याच उपखंडात आहे, आणि ते आपल्या शाळांत शिकवत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. डायनोसोर म्हटलं की चौथीतल्या मुलाला दहा नावं तोंडपाठ असतात. पण पृथ्वीवरचे सगळे देवमासे आणि सगळे डॉल्फिन ज्या प्राण्यांपासून आले, त्यांचं पाळणाघर जम्मू ते कच्छ आणि पाकिस्तानातला पंजाब या पट्ट्यात होतं, हे किती जणांना माहीत असेल?

पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडत होता. मधे टेथिस नावाचा समुद्र आक्रसत चालला होता. उबदार, उथळ, गाळाने भरलेला. त्याच्या काठाने लहानमोठे खूरवाले प्राणी वावरत होते. राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळ ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने त्यांतल्या एकाचे अवशेष असलेले दगड गोळा केले. बरेचसे न फोडता तसेच राहिले. त्यांच्या पश्चात ते पत्नीने जपले, आणि पुढे ते हान्स थेविसन या शास्त्रज्ञाच्या हाती आले. थेविसन यांच्या प्रयोगशाळेत दगड साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीच्या कानाचं हाड तुटलं. कुणाचाही जीव हळहळावा अशीच ही गोष्ट. पण तुटलेल्या कडेकडे बघितल्यावर दिसलं की कानाच्या हाडाची आतली भिंत कमालीची जाड आहे. अशी जाड भिंत तोवर फक्त देवमाशांच्या कुळात ठाऊक होती. या प्राण्याचं नाव इंडोहायस. मांजरापेक्षा थोडा मोठा, चार पाय, पायांना खूर, आणि हाडं मात्र पाणघोड्यासारखी घट्ट व जड, पाण्यात तळाशी चालताना अंग वर तरंगू नये अशी. २००७ साली थेविसन, रूरकीचे सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढे ठेवला. हा देवमाशांचा थेट आजोबा नव्हे, आजोबांचा चुलतभाऊ म्हणा.

त्याआधी पाकिस्तानात फिलिप गिंगरिच यांना पाकिसेटस मिळाला होता, चार पायांवर चालणारा आणि तरीही देवमाशाच्या कुळातला. थेविसन यांना अँब्युलोसेटस मिळाला, मगरीसारखा दबा धरणारा. २००१ साली अशा आद्य देवमाशांच्या घोट्याची हाडं हाती आली आणि एक जुना वाद मिटला. ते हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं खोबणीचं होतं, जसं फक्त गाय, हरीण, डुक्कर, उंट यांच्यात असतं. डीएनए आधीपासून तेच सांगत होता. देवमाशाचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. गोठ्यातली गायही नात्यात आहे, जरा लांबच्या.

आणि कच्छ. अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्र यांनी १९७५ साली पश्चिम कच्छमधल्या हरुडीच्या परिसरातून मिळालेल्या प्राचीन देवमाशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मी त्या भागात गेले ती भर डिसेंबरात, तरी ऊन चावत होतं. दगडमातीचे उघडे ओहोळ, गांडो बावळाची काटेरी झुडपं, लांबवर बकऱ्या. पायाखालची जमीन मात्र नुसत्या जीवाश्मांची. नखाएवढ्या गोल चपट्या कवचांचा खच, एकपेशीय समुद्री जीवांचा. वाळवंटाच्या उंबऱ्यावर आपण समुद्राच्या तळावरून चालतो आहोत, हे सांगायला गाइड लागत नाही. हाडं मला दिसली नाहीत, आणि दिसली असती तरी ओळखता आली नसती. पण तिथल्या थरांमधून निघालेला रेमिंग्टनोसेटस मला त्या उन्हात राहून राहून आठवत होता. लांबट तोंड, बारीक डोळे, आणि मोठे, एकमेकांपासून दूर असलेले कान. त्याचा धाकटा भाऊबंद कच्छिसेटस, पाणमांजराच्या अंगलटीचा, लांब शेपटीचा. हे दोघं राहत होते ते पाणी गढूळच होतं. डोळ्यांची भूक मेली आणि कान वाढीला लागले ते याच वळणावर. खालच्या जबड्याच्या हाडात एक पोकळी रुंदावत गेली, तिच्यात चरबी साठत गेली, आणि आवाज जबड्यातून कानाकडे जाऊ लागला. आजच्या डॉल्फिनचा कान जबड्यातच आहे असं म्हटलं तरी चालेल. बाहेरून कानाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढं छिद्र उरलं आहे, तेही बुजलेलं.

आणखी पुढे दातवाल्या देवमाशांनी नाकाचं वाद्य केलं. श्वासाची वाट डोक्यावर सरकली होतीच. तिच्या आतल्या दोन ओठांमधून हवा सोडून ते टिकटिक आवाज काढतात, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून त्याचा झोत पुढे फेकतात, आणि आदळून परत आलेला नाद जबड्याने झेलतात. काळोखात मासा किती लांब आहे, केवढा आहे, कुठे चालला आहे, सगळं त्यांना ऐकू येतं. हे तंत्र टोकाला नेलं ते गंगेतल्या डॉल्फिनने. त्याच्या डोळ्यात भिंगच नाही. उजेड आहे की अंधार एवढं कळतं, बाकी सगळं कानावर. पुष्कळदा तो एका कुशीवर पोहतो, वल्ह्याने तळ चाचपत. २००९ पासून तो आपला राष्ट्रीय जलचर आहे, आणि २०२५ साली जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत नद्यांतल्या डॉल्फिनांचा आकडा ६,३२७ आला. त्यांत पंजाबातल्या बियास नदीतले सिंधू डॉल्फिन अवघे तीन.

गाण्याबद्दल लिहिताना जपावं लागतं. हंपबॅक देवमाशाचं गाणं हा विषय गेल्या पन्नास वर्षांत इतका भावुक होऊन बसला आहे की ध्यानधारणेच्या कॅसेटींपासून साबणाच्या जाहिरातींपर्यंत तो सगळीकडे झिरपला. तरी साधी हकीकतही पुरेशी आहे. रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी १९७१ साली दाखवून दिलं की हे नुसते आवाज नाहीत. ठरावीक स्वरखंड, त्यांचे समूह, त्या समूहांची ठरलेली क्रमवारी, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. गातात ते फक्त नर. एका टापूतले सगळे नर जवळजवळ एकच गाणं गातात, आणि ते दरवर्षी थोडं थोडं बदलतं. कधी बदल एकदम होतो. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं गाणं पुढच्या वर्षांत बेटामागून बेटं ओलांडत पूर्वेला फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचल्याचं नोंदलं गेलं आहे. ज्यांनी ते घेतलं त्यांनी आपलं जुनं गाणं सोडून दिलं. कुणी शिकवलं नाही. ऐकून उचललं.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचे आवाज म्हणून जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात माणसांनी केलेल्या नमस्कारांच्या जोडीला हंपबॅकचा आवाज आहे. त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका त्याच वर्षी सप्टेंबरात गेली, दुसरं यान सुटून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. ऐकणारा कुणी भेटलाच, तर दोन्ही आवाज एकाच ग्रहावरचे असले तरी एकाच प्राण्याचे नाहीत, हे त्याला कशावरून कळणार? मला वाटतं, नाही कळलं तरी बिघडणार नाही.

पाण्यातल्या आवाजाचा दुसरा हिशेब मात्र इतका सुरेल नाही, आणि तो देवमाशाच्या कानातच लिहिलेला सापडला. निळा, फिन, हंपबॅक अशा, दातांऐवजी बलीनची गाळणी असलेल्या देवमाशांच्या कानात मेणाचा खडा साठत जातो. जन्मभर. वर्षात फिकट आणि गडद असे थर चढतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. २००७ साली कॅलिफोर्नियाजवळ जहाजाची धडक बसून मेलेल्या एका बारा वर्षांच्या निळ्या नराच्या कानातला असा खडा, सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा, बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेंको यांनी थराथराने तपासला. तो वयात कधी आला, आईच्या दुधातून कोणतं विष किती उतरलं, पारा कधी वाढला, ताण कधी चढला, सगळं त्यात होतं. मग त्यांनी संग्रहालयांत पडून असलेले जुने खडे मिळवले, थेट १८७० च्या दशकापासूनचे. २०१८ साली आलेला तो आलेख मी बराच वेळ बघत बसले होते. विसाव्या शतकात देवमाशांची शिकार जशी चढत गेली, तसं त्यांच्या कानातल्या मेणातलं ताणाचं संप्रेरक चढत गेलं, आणि शिकार उतरली तसं उतरलं. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. त्या वर्षांत शिकार एकदम कमी झाली होती, तरीही ताण वरच राहिला. पाणतीर, पाणसुरुंग, पाणबुड्या, बाँब. माणसं माणसांना मारत होती आणि ज्यांना आता फारसं कुणी मारत नव्हतं ते ऐकत होते.

अरबी समुद्राबद्दल मात्र मला सविस्तरच लिहायचं आहे.

जगभरचे हंपबॅक ऋतूप्रमाणे प्रवास करतात. उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचं, हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन जुगायचं, पिल्लं घालायची, आणि तेवढे महिने जवळजवळ उपाशी राहायचं. अरबी समुद्रातले हंपबॅक हे करत नाहीत. ते इथेच राहतात, बारा महिने. कारण उत्तरेला जमीन आडवी आहे, आणि ते दक्षिणेला जात नाहीत, कारण त्यांना इथेच खायला मिळतं. ते कोण वाढतं? आपला पावसाळा. जूनमध्ये जो नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे ढग घेऊन येतो, तोच ओमानच्या किनाऱ्यावरून वाहताना वरचं गरम पाणी बाजूला लोटतो, आणि खालचं थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. केरळच्या किनाऱ्यावरही असंच होतं. त्या पाण्यावर प्लवक माजतं, प्लवकावर तारली पोसते, तारलीवर देवमासा. ज्या वाऱ्यावर आपली भातलावणी अवलंबून आहे त्याच वाऱ्यावर हेही जगतात. जनुकांच्या अभ्यासावरून ही वस्ती सुमारे सत्तर हजार वर्षं इतर हंपबॅकांपासून तुटलेली आहे. त्यांचं गाणंही वेगळं आहे.

ही गोष्ट जगाला कळली तिची रीत फारच वाईट. १९६५ आणि १९६६ साली सोव्हिएत संघाच्या शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या समुद्रात २४२ हंपबॅक मारले, बेकायदा, आणि जगापासून लपवून. सोव्हिएत संघ मोडल्यावर युरी मिखालेव यांनी ते आकडे १९९७ साली उघड केले. मारलेल्यांची पोटं तपासली होती, त्यांत मासे आणि झिंगे भरलेले होते, म्हणजे हे इथेच खात होते. गाभण माद्यांच्या पोटातल्या पिल्लांच्या वाढीवरून त्यांचा विणीचा काळ उत्तर गोलार्धातला निघाला, म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले नव्हते. वस्तीचं वेगळेपण तिच्या मढ्यांवरून सिद्ध झालं. आज ओमानच्या समुद्रात त्यांच्या संख्येचा अंदाज शंभराच्या आत आहे. एकेका शेपटीच्या खालच्या खुणांवरून त्यांना ओळखतात.

त्यांतली लुबान नावाची एक मादी २०१७ च्या अखेरीस उपग्रहाच्या नजरेखाली होती. ती ओमानहून निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याशी आली, दक्षिणेकडे भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. तोवर तिकडचे आणि इकडचे वेगळे असा समज होऊ शकत होता. आता तो आधार राहिला नाही. ते ओमानचे आहेत म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

एरवी आपल्याकडे देवमासा बातमीत येतो तो दोनच कारणांनी. एक, त्याची उलटी म्हणून पोलिसांनी काही किलो काहीतरी पकडलं. हे अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, माकुलच्या न पचलेल्या चोचींभोवती, आणि त्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कोट्यवधींचे आकडे छापून वर्तमानपत्रं या गुन्ह्याची फुकट जाहिरात करतात, हे माझं मत. दुसरं कारण म्हणजे देवमासा किनाऱ्याला लागला.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं एक पिल्लू वाळूत रुतलं. लोकांनी, वनखात्याने, जीवरक्षकांनी, पोलिसांनी सण सोडून त्याच्यावर पाणी ओतलं, ओली कापडं टाकली, शेवटी त्याला ओढून समुद्रात नेलं. ते जगलं नाही. यात कुणाची कसूर होती असं मला वाटत नाही. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू बहुतेक वेळा जगत नाही. आणि मोठ्या देवमाशालाही जमीन आता मानवत नाही. पाण्यात त्याचं वजन पाणी उचलतं. वाळूवर तेच वजन त्याची फुप्फुसं दाबतं, स्नायू चेचतं. समुद्राच्या थंडीसाठी असलेला चरबीचा थर उन्हात त्याला आतून शिजवतो. ज्या काठावरून त्याचे पूर्वज निघाले, तिथे तो स्वतःच्या शरीराने मरतो. मग जेसीबी येतो आणि खड्डा खणतो. खोल समुद्रात मरणाऱ्याचं वेगळं होतं. १९८७ साली कॅलिफोर्नियाजवळ तळाशी पडलेला एक सांगाडा शास्त्रज्ञांना आढळला, आणि त्याच्या भोवती शिंपले, गोगलगायी, जिवाणू यांची वस्तीच दिसली. अशा एका मृत देवमाशावर कित्येक दशकं जीव जगतात. हाडात मुळं रोवून राहणारे, तोंड आणि पोट नसलेले किडेही २००२ साली अशाच एका सांगाड्यावर सापडले.

तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल, किंवा सुट्टीत जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन वाळूत दिसला तर आधी वनखात्याला आणि पोलिसांना कळवा. गर्दी हटवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका, कणा निखळतो. अंग ओलं ठेवा, सावली करा, पण डोक्यावरचं नाक उघडं राहू द्या, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. त्याच्याबरोबर सेल्फी काढू नका. आणि ओळखीत कुणी तांडेल असेल तर त्याला सांगा की जाळ्यात अडकलेला डॉल्फिन, कासव किंवा देवमासा सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर त्याचे फोटो ठेवायचे. महाराष्ट्र सरकारच्या २०१८ च्या योजनेत त्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.